मागचा उजवा पाय

पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी फाटक वाजलं आणि मी खुर्चीतून उठले नाही. दार मुद्दामच नुसतं लोटून ठेवलं होतं.

"या आत," बसल्या जागेवरून मी म्हटलं. "चपला बाहेर काढा, फरशी आजच पुसलीय."

आधी माझे धाकटे दीर दत्ताभाऊजी आले, त्यांच्यामागे माझा मुलगा हेमंत आणि सून मृणाल. हेमंत-मृणाल पुण्याहून निघाले होते, वाटेत नगरला भाऊजींना गाडीत घेतलं होतं. चार वाजता श्रीरामपूरला पोचतो, असा निरोप होता. चार ते सव्वापाच हा वेळ मी त्यांच्यासाठी राखून ठेवला होता, ताटलीत चिवडासुद्धा काढला होता. पण भाऊजींना मध्येच शिंगणापूरचं दर्शन आठवलं, आणि शनिदेवाच्या रांगेत माझा सव्वा तास गेला.

"वहिनी, आम्ही आलोय," भाऊजी म्हणाले. मला दिसलंच नसेल असं त्यांना वाटलं असावं.

"दिसलं. बसा. मृणाल, तेवढा चहा टाकशील का? साखर खालच्या फडताळात आहे. मी सहा वीसला मोकळी होते, मग निवांत बोलू."

"सहा वीसला?" हेमंत म्हणाला. "कसलं काम आहे एवढं? सोड की आई, उद्या कर."

"उद्या नसतं ते."

मृणाल माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पडद्यावर बर्फाचा घाट होता. घाटाच्या तोंडाशी चार माणसं शेकोटीभोवती बसली होती, आणि त्यांतली एक, खांद्यावर स्वतःहून मोठा हातोडा घेतलेली, मी होते.

"हेमंत, गेम आहे हा," मृणाल म्हणाली.

"गेम?" भाऊजींनी विचारलं. "पत्त्यांचा?"

"नाही भाऊजी. हातोड्याचा."

ही गोष्ट दोन हजार बाराच्या फेब्रुवारीतली. मी अठ्ठावन्न वर्षांची होते. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि ज्या खोलीत मी बसले होते तिथे एकेकाळी माझे टायपिंगचे वर्ग चालायचे. अठरा मशिनं होती. सगळी एका वेळी सुरू झाली की रस्त्यावरच्या माणसाला आवाज चढवून बोलावं लागायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली कचेऱ्यांत लागल्या, बँकांत लागल्या. मग कॉम्प्युटर आले, मशिनं एकेक करून भंगारात गेली आणि वर्ग बंद पडला. उरला एक जुना कॉम्प्युटर आणि माझी दहा बोटं.

गेममध्ये मला ओढलं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, चित्राने. नवऱ्याच्या नोकरीपायी ती जपानात नागोयाला गेली होती. "बाई, फोनवर रोज तेच काय बोलायचं, जेवलात का आणि ऊन आहे का. त्यापेक्षा इथे या, दोघी मिळून काहीतरी मारू," ती म्हणाली. तिकडच्या सर्व्हरवर नोंदणी तिकडूनच करावी लागे, ती तिने केली. गेमचं नाव तोगे, म्हणजे घाट. चौघांनी मिळून एकेक मोहीम हाती घ्यायची, ठरलेल्या वेळात घाटातलं एखादं जनावर पाडायचं आणि शेकोटीशी परत यायचं. सगळा कारभार जपानीत. चित्राने वहीत वाक्यं लिहून दिली, मी ती पाठ केली. जपानी कळफलकाला मला तीन आठवडे लागले. कळफलक कुठलाही असो, बोटांना तो पाठ करायला लावायचा, हेच तर मी जन्मभर शिकवत आले होते. पुढे चित्राला जुळं झालं आणि तिचा खेळ सुटला. माझा नाही सुटला.

आता तो गेमही बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण तेव्हा माझ्या चमूत तिघं होते: गेन्पाची हा म्होरक्या, मग युझु आणि सुमी. कोण किती वर्षांचं, कोण काय करतं, हे कुणी कुणाला विचारत नसे. मी नलिनी, पण त्यांच्या लिपीत ल नाही म्हणून मी नारीसान झाले, सान म्हणजे आपलं 'बाई'. मी भारतातली आहे एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि त्यावरून युझुने महिनाभर मला आमटीच्या कृती विचारून भंडावून सोडलं होतं. मोहीम सुरू होताना सगळ्यांनी 'योरोशिकु' लिहायचं, म्हणजे सांभाळून घ्या. संपल्यावर 'ओत्सुकारे', म्हणजे दमलात हो. आणि मधूनच उठून जायचं नाही. हरलात तरी चालेल, शंभरदा आडवे झालात तरी चालेल, पण न सांगता निघून जाणाऱ्या माणसाबरोबर तिकडे पुन्हा कुणी खेळत नसे. मला ही रीत फार आवडायची.

त्या महिन्यात घाटात एक हिमकासव आलं होतं, देवळाएवढं मोठं. ते महिनाभरच राहणार होतं आणि त्या रविवारी जाणार होतं. त्याला पाडायची युक्ती एकच होती. चौघांनी चार पायांशी उभं राहायचं आणि चारही पायांवर एकाच क्षणी घाव घालायचा. असा तीनदा घाव बसला की ते उलटं पडतं. तिघांनी ते होत नाही. मागचा उजवा पाय माझ्याकडे होता. वेळ पन्नास मिनिटं, आणि चौघांत मिळून तीन वेळा कुणी आडवं झालं की मोहीम बुडाली.

आम्ही सात वेळा हरलो होतो, आणि सातवी हार माझ्यामुळे होती. आदल्या रविवारी ऐन रंगात फोन वाजला. हेमंतचा. मी कळफलक सोडून फोन घेतला. "आई, पुढच्या रविवारी दत्ताकाकांना घेऊन येतोय, तुझं काय ते एकदा ठरवून टाकू," हे सांगायला त्याने पाच मिनिटं घेतली, आणि तेवढ्यात कासवाने मला तीनदा चिरडलं. कुणी रागावलं नाही. गेन्पाचीने फक्त विचारलं, "पुढचा रविवार शेवटचा आहे. नारीसान, पन्नास मिनिटं बसायला जमेल का?"

"जमेल," असं मी लिहिलं होतं.

आणि 'तुझं काय ते' म्हणजे मी हे घर सोडून पुण्याला कायमचं जायचं की नाही. खरं तर त्यातलं 'की नाही' फक्त माझ्याच डोक्यात होतं.

साडेपाच वाजले. जपानात नऊ. चौघांनी योरोशिकु लिहिलं आणि आम्ही घाटात उतरलो.

"वहिनी, हे काय वय आहे का?" भाऊजी सोफ्यावर टेकत म्हणाले.

"कशाचं?"

"हे असल्या मारामारीचं."

"थोडा उशीर झाला खरा," मी म्हटलं.

मृणालने चहा आणला. माझा कप कळफलकाशेजारी ठेवला आणि स्टूल ओढून बाजूला बसली. हेमंत येरझारा घालत होता. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी घालायचा, तशाच. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. तू खेळ. आम्ही बोलतो, तू ऐक. एक कान तर मोकळा आहे ना?"

मोकळा होता. कानावरचा हेडफोन मी एका बाजूने सरकवून ठेवला होता.

अशी माझ्या आयुष्याची बैठक माझ्या पाठीमागे सुरू झाली. हेमंतने मुद्दे पाठ करून आणले होते. बावधनला नवा फ्लॅट झालाय, तिथे आईला स्वतंत्र खोली आहे, पूर्वेला खिडकी आहे. मृणालला एक मार्चपासून बढती मिळतेय, पण मग घरी यायला तिला आठ वाजतील. ईशान साडेबाराला शाळेतून येतो, गार्गी दीडला. पाळणाघरात ईशान रडतो. आणि इकडे आई एकटी.

"म्हणजे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात," तो म्हणाला.

"माझा कुठला प्रश्न होता?" मी विचारलं. कासव वळत होतं; मी मागच्या उजव्या पायाबरोबर वळत होते.

"एकटी असतेस, हाच."

त्या घडीला आम्ही चौघं होतो, पण ते समजावून सांगायला सवड नव्हती. गेन्पाचीने खूण केली, तीन, दोन, एक. चारही घाव एकदम बसले, कासव डाव्या अंगाला कललं आणि घाटातला बर्फ खाली आला. बारावं मिनिट. इतक्या लवकर पहिला घाव आम्हाला कधीच साधला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी चहाचा एक घोट घेतला.

"काका, आईचं तसं हो आहे," हेमंत मागे भाऊजींना सांगत होता. "पाडव्याला सामान हलवू. मी टेम्पोवाल्याशी बोललोय."

"मी हो कधी म्हटलं?" मी मान वळवून म्हटलं.

बोटांकडे बघायचं नाही, खिडकीकडे बघायचं नाही, नजर समोरच्या कागदावरून हलवायची नाही, हे मी चार हजार मुलींना शिकवलं असेल. आणि मीच मान वळवली. परत पडद्याकडे बघितलं तेव्हा मी बर्फात आडवी होते. चमूच्या तीन जिवांतला एक गेला. मी माफी लिहिली. "हरकत नाही," युझुने लिहिलं. "आमटी करपली का?"

भाऊजी तोवर घराकडे वळले होते. घर बंद ठेवून चालणार नाही, वाळवी लागेल. या खोलीत एखादा शिकवणीवाला भाडेकरू ठेवू. मी नगरला आहेच, येऊन-जाऊन लक्ष ठेवीन. माणूस वाईट नव्हे. ह्यांच्या आजारपणात नगरचं हॉस्पिटल त्यांनीच सांभाळलं, माझ्या हातात डबा देऊन मला घरी पाठवायचे आणि स्वतः बाकड्यावर बसायचे. ते मी विसरलेले नाही. पण घरातली बाई म्हणजे हाक मारली की येणारी, यापलीकडे त्यांचा विचार कधी गेला नाही, आणि जावा असं मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

एकतिसाव्या मिनिटाला दुसरा घाव बसला. कासवाच्या पाठीवरचा बर्फ तडकला. आता एकच उरला होता. सुमीने लिहिलं, "आज होणार." ती फारशी बोलणारी नव्हती, त्यामुळे माझ्या अंगावर काटा आला.

"वहिनी," भाऊजी उठून उभे राहिले. "मी नगरहून तुमची पाठ बघायला आलेलो नाही. उठा आता."

"सहा वीसला, भाऊजी. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"या तिघांना."

"ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही त्यांना? आणि आम्ही कोण? उठा म्हणतोय मी."

"काका, राहू दे," मृणाल हळूच म्हणाली.

पण भाऊजी टेबलाच्या कडेने वाकले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

यूपीएसची बॅटरी केव्हाच गेली होती. पडदा काळा झाला. त्यात मला माझाच चेहरा दिसला, आणि त्यामागे तिघांचे. भाऊजींनी स्वतः केलेल्या गोष्टीकडे एकदा पाहिलं, घसा खाकरला आणि ते पुन्हा सोफ्यावर जाऊन बसले. आता मी उठून स्वयंपाकघरात जाईन, डोळे पुसून येईन आणि बैठकीत बसेन, अशी त्यांची अपेक्षा असणार. त्यांचाही दोष नाही. इतकी वर्षं तसंच झालं होतं.

मी उठले. भिंतीशी गेले, बटण चालू केलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि परत येऊन बसले. फक्त या वेळी खुर्ची त्यांच्याकडे वळवून बसले.

"हा कॉम्प्युटर म्हातारा आहे," मी म्हटलं. "उठायला पाच मिनिटं घेतो. तेवढी तुमची. भाऊजी, अठ्ठ्याहत्तर साल आठवतंय? जून महिना?"

"कशाबद्दल?"

"नगरला मी सरकारी नोकरीच्या परीक्षेला गेले होते. टायपिस्टची जागा होती. जिल्ह्यातून दोनशे अर्ज आणि जागा चार."

"असेल."

"सकाळी सातच्या एसटीने गेले. हेमंत सव्वा वर्षाचा होता, सासूबाईंपाशी ठेवला होता. शाळेच्या एका हॉलमध्ये पन्नास मशिनं मांडली होती. सात मिनिटांचा उतारा. घंटा झाली आणि मी सुरू केलं. इतकी छान लागली होती बोटं, की मला माझंच कौतुक वाटत होतं. चौथ्या मिनिटाला पर्यवेक्षकांनी माझं नाव पुकारलं. मी थांबले नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं, म्हणाले, 'बाई, घरून माणूस आलाय.' दारात तुम्ही उभे होतात."

तेव्हा भाऊजी वीस वर्षांचे होते, घामाघूम होऊन बसस्टँडपासून पळत आले होते.

"तुम्ही म्हणालात, आईंनी बोलावलंय, बाळ रडतंय, थांबतच नाही. मी उठले. अर्ध्या ओळीत उठले. तो शब्दसुद्धा पुरा केला नाही. दोन तास एसटीत मनात नाही नाही ते आलं. घरी पोचले तर बाळ पाळण्यात झोपलेलं. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, दत्ता निघाला तेवढ्यात झोपला बघ. जरा गोळा आला होता पोटात. आता आलीच आहेस तर पोळ्यांचं बघ.'"

हेमंतने माझ्याकडे पाहिलं नाही. तो टेबलावरच्या चिवड्याकडे बघत होता.

"मला आठवत नाही वहिनी," भाऊजी म्हणाले. खरंच आठवत नव्हतं त्यांना, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुम्हाला कसं आठवेल? पेपर माझा होता."

"अहो, पण तान्हं पोर रडत होतं..."

"रडत होतं. माझं काहीच म्हणणं नाही. त्यानंतरही मी उठत गेले. वर्ग चालू असताना पाहुणे आले, उठले. ह्यांचा चष्मा सापडत नव्हता, उठले. तुमच्या लग्नाच्या याद्या करायची बैठक होती, त्या दिवशी माझ्या मुलींची परीक्षा होती, त्यांना मशिनवर बसवून उठून आले. एक काम सुरू केलं आणि शेवटापर्यंत बसून संपवलं, असं चौतीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. हे मी कुणाला बोलले नाही, ही माझी चूक. म्हणून आज बोलतेय. मला राग आलाय भाऊजी. आजच्या बटणाचा कमी, तेव्हाचा जास्त. आणि सगळ्यांत जास्त माझा मलाच, की मी उठले कशाला."

मागे कॉम्प्युटर सुरू झाल्याचा सूर वाजला. मी खुर्ची फिरवली.

"आता काही होणार नाही गं," हेमंत हलक्या आवाजात म्हणाला. "बाहेर पडलं की संपतं ना ते?"

"बाकीचे आत असले तर परत जाता येतं. ते निघून गेले असतील तर संपलं."

असतील, असं मला वाटत नव्हतं. नियम मला ठाऊक होते. तिघांनी ते कासव पडत नाही, त्याचा एक फटका बसला तरी माणूस आडवं होतं, आणि मी आधीच्या रविवारी त्यांना तोंडघशी पाडलेलं होतं. शहाण्या माणसांनी मोहीम सोडून दुसरा चौथा गडी शोधला असता. परवलीचा शब्द टाकताना माझी बोटं आयुष्यात पहिल्यांदा चुकली. पुन्हा टाकला. पडदा पांढरा झाला, मग हळूहळू घाट दिसू लागला.

तिघंही तिथेच होते. गेन्पाची कासवाच्या तोंडासमोर पळत होता, मारत नव्हता, नुसता त्याला गोल गोल फिरवत होता. युझु आणि सुमी दोन बाजूंनी त्याचं लक्ष वळवत होत्या. बाराव्या मिनिटाला मी एक जीव घालवला होता, मधल्या काळात सुमीने एक घालवला होता. तिसरा गेला की खेळ खलास. आणि मागच्या उजव्या पायाशी जागा रिकामी होती.

पडद्याच्या कडेला मी नसतानाचं त्यांचं बोलणं लिहिलेलं होतं.

"काय लिहिलंय?" मृणालने विचारलं.

मी वाचून दाखवलं. "युझु म्हणते, नारीसान गेली. सुमी म्हणते, ती न सांगता जाणार नाही. गेन्पाची म्हणतो, आपण फिरवत राहू, ती येईल. मग सुमी मेली. मग युझु म्हणते, अकरा मिनिटं उरलीत. गेन्पाची म्हणतो, तिचा पाय तिच्यासाठी ठेवा." माझा आवाज इथे बिघडला आणि मी तो बिघडू दिला. "आणि हे आत्ताचं. नारीसान, वाट बघत होतो. सावकाश ये."

माझ्यासाठी कुणी घड्याळ चालू असताना थांबलं, असं त्याआधी घडलं नव्हतं.

मी जागेवर पोचले तेव्हा नऊ मिनिटं उरली होती. मृणालने तिचं स्टूल उचललं आणि नेऊन बरोबर भिंतीवरच्या बटणासमोर ठेवलं. त्यावर ती पाठ टेकून बसली. भाऊजींनी ते पाहिलं.

पहिल्या खुणेला युझु उशिरा पोचली, घाव वाया गेला. दुसऱ्या खुणेला कासव उठून उभं राहिलं आणि आम्हा चौघांना पळावं लागलं. चार मिनिटं. गेन्पाचीच्या अंगात एका फटक्यापुरतंही बळ उरलं नव्हतं, माझ्याही नाही. हेमंत केव्हा येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला ते कळलं नाही; त्याचा श्वास ऐकू येत होता. दोन मिनिटं. कासव खाली बसलं. गेन्पाचीने खूण केली. तीन. दोन. मी बोटांकडे पाहिलं नाही.

एक.

कासव उलटलं. इतकं सावकाश उलटलं की पुरं पडेपर्यंत माझा विश्वास बसला नाही. मग त्याच्या पोटावरचा बर्फ वितळला, घाटात ऊन पडलं, आणि युझु बर्फात गोल गोल नाचायला लागली. मी सगळ्यांच्या आधी ओत्सुकारे लिहिलं. मग तिघांनी लिहिलं. मी आणखी एक वाक्य लिहिलं, वहीत नसलेलं, माझं मी जुळवलेलं: "तुम्ही थांबलात. मी विसरणार नाही." व्याकरण चुकलं असेल. त्यांना कळलं.

सहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. मी कॉम्प्युटर बंद केला, चष्मा पुसला आणि सोफ्यासमोर जाऊन बसले.

"हं," मी म्हटलं. "आता बोला. आता मी मोकळी आहे."

भाऊजी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "वहिनी, तेव्हा मला आईने पाठवलं होतं."

"ठाऊक आहे."

"मी दारातून परत जायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून 'जाऊ द्या' म्हणायची सवय तोंडाशी आली होती, ती मी गिळली. त्यांनी मान डोलावली. आमच्यात त्यानंतर कधी वितुष्ट आलं नाही, उलट ते मला जरा जास्तच मान द्यायला लागले.

"मग पाडव्याचं?" हेमंतने विचारलं.

"पाडव्याला तुम्ही चौघं इकडे या. पुरणपोळ्या करते. टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांग. मी हे घर सोडत नाही. मला नीट चालता येतंय, नीट दिसतंय, आणि कासव पाडता येतंय. ज्या दिवशी यातलं काही जमणार नाही त्या दिवशी मी स्वतः फोन करीन."

"आणि माझी बढती?" मृणाल अजून त्या स्टुलावरच होती. तिच्या आवाजात राग नव्हता. भीती होती, आणि ती मला चांगली ओळखीची होती.

"ती घ्यायची. मी येत नाही म्हणून नाकारलीस तर माझ्याशी गाठ आहे. अर्ध्या ओळीत उठू नकोस."

"पण मग मुलं?"

"मुलांना बाप आहे. साडेबाराला एक, दीडला एक. रोज नाही जमलं तर आठवड्यातले तीन दिवस. तेवढं त्याने उठावं."

"मी?" हेमंत म्हणाला. "आई, माझं काम असं मध्येच सोडून येण्यासारखं नसतं गं."

मृणालने त्याच्याकडे पाहिलं, भाऊजींनी जमिनीकडे. आपण काय बोललो ते मग त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण तो कानापर्यंत लाल झाला.

"जमतं," मी म्हटलं. "मी केलंय."